नवेगावबांधचं मुळाक्षरांचं पुस्तक घरीच करा

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या पोरांनी ‘अ अननसाचा’ का म्हणून शिकावं? अननस इथे कुठला. अस्वल मात्र आहे. म्हणून नातीसाठी नवेगाव राष्ट्रीय उद्यानाचंच पुस्तक करते आहे.

आधी वही घेऊन नवेगावबांध तलावाच्या पाळीवर बसा. दिसेल ते लिहा, अक्षरं मग वाटा. ग गव्याचा, म मोहाचा, ध धानाचा, हे सोपे. ‘ऐ’ला ऐरण कशाला? ऐनाचं झाड आहे ना! त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. खोडावर कागद धरून मेणखडू आडवा घासा, ठसा आयता उमटतो. क कोलू पाटलाचा: या कोहळी समाजातल्या माणसाने 18व्या शतकात हा तलाव बांधला, एवढी ओळ लिहाच. ण, ळ शब्दाच्या शेवटी चालतील: हरिण, कमळ. ङ, ञ सरळ गाळा.

प पट्टकदंब या हंसाचा घेतलात तर चित्रात हिवाळा दाखवा. हिमालयापलीकडून येणारा हा पाहुणा उन्हाळ्यात इथे नसतो.

पानाला एकच चित्र. कागद जाड घ्या आणि दोऱ्याने शिवा. स्टेपलरच्या पिना लहान बोटांना टोचतात.