सायकलिंगची शॉर्ट आरशासमोर उभं राहून निवडू नका (पुरुषांसाठी)

पहिली सायकलिंग शॉर्ट घेताना मी दोन चुका एकदम केल्या. दुकानात सगळ्यात जाड पॅडवाली (पॅड म्हणजे शॉर्टच्या आत बुडाखाली शिवलेली गादी) उचलली, कारण अंगठ्याने दाबून बघितलं तर मस्त गादीसारखी वाटली, आणि घट्ट कपड्यात पोट दिसतं म्हणून एक साईज मोठी घेतली. आरशासमोर उभा राहिलो, कुठे टोचत नव्हतं, म्हटलं झालं काम. मग 40 किलोमीटरची राईड मारली आणि पुढचे दोन दिवस खुर्चीवर एका बाजूला कलून बसत होतो, घरचे विचारतायत काय झालं आणि सांगायची सोय नाही.

चूक अशी की ही शॉर्ट उभं राहण्यासाठी शिवलेलीच नसते. कंबरेतून वाकून, सीटवर बसून, पाय गोल फिरवण्यासाठी ती बेतलेली असते, त्यामुळे उभ्याने छान वाटणारी शॉर्ट सीटवर बऱ्याचदा घोळते आणि उभ्याने विचित्र, आखूड, मागे डायपर लावल्यासारखी वाटणारी शॉर्ट सीटवर बसलं की जाणवतही नाही. हे एवढं डोक्यात ठेवून पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

१. आधी आपण बसतो कसे ते बघा

हँडल उंच असेल आणि तुम्ही ताठ बसत असाल तर सगळं वजन कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर येतं, म्हणजे पॅड मागच्या बाजूला रुंद आणि भक्कम हवा. रोड बाईकवर खाली वाकून चालवत असाल तर कंबर पुढे कलते, वजन थोडं पुढे सरकतं, मग पॅड पुढपर्यंत लांब असलेला बरा. दोघांना एकच शॉर्ट चालेल असं नाही.

ती दोन हाडं किती अंतरावर आहेत हे घरी मोजता येतं. खोक्याचा जाड, पन्हाळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, टाचा उचलून थोडं पुढे वाका, अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यात दोन खळगे पडलेले दिसतील, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक पुरुषांमध्ये ते साधारण 10 ते 14 सेंटीमीटर भरतं. पॅडचा सगळ्यात दाट भाग बरोबर या दोन ठिकाणी यायला हवा, आणि सीट किती रुंद घ्यायची हेही यावरूनच ठरतं, म्हणजे एका पुठ्ठ्यात दोन कामं.

२. जीन्सचा नंबर विसरा, टेप घ्या

जीन्सवर लिहिलेला 34 आणि तुमची खरी कंबर यांचा संबंध असेलच असं नाही. कंबर, कुल्ल्यांचा सगळ्यात रुंद भाग आणि मांडीचा सगळ्यात जाड भाग अशी तीन मापं घ्या आणि त्या त्या कंपनीच्या साईज चार्टशी ताडून बघा, कारण एका कंपनीचं मीडियम दुसरीचं लार्ज असतं आणि इटालियन कट तर बऱ्याचदा अंमळ लहानच येतात. दोन साईजच्या मध्ये अडकलात तर मी कुल्ल्याच्या मापाला मान देतो, कंबरेच्या नाही. पोट दिसेल या भीतीने मोठी घेऊ नका. सैल शॉर्टमध्ये कापडाच्या चुण्या पडतात, चुणी कातडीवर घासते, पेडल मिनिटाला 80-90 वेळा फिरतंय असं धरलं तर तासाभरात पाच हजारांच्या आसपास घासे होतात, आता करा हिशोब.

३. पट्ट्यांची की इलॅस्टिकची

खांद्यावर पट्टे असलेली ती बिब. दिसायला पहिलवानाच्या पोशाखासारखी, म्हणून मीही दोन वर्षं टाळली आणि आता त्या दोन वर्षांचं वाईट वाटतं. कंबरेच्या इलॅस्टिकवाली शॉर्ट वाकलं की पोटात रुतते आणि हळूहळू खाली घसरते, ती घसरली की पॅडही जागचा हलतो. बिबला कंबरेला करकचून बांधणारं काही नसतं, पट्टे पॅडला वर ओढून धरतात. पोट सुटलेल्यांना तर बिबच जास्त आरामाची. अडचण एकच, मोठ्या कामाला जायचं झालं तर आधी जर्सी काढा मग पट्टे उतरवा, लघवीला मात्र पुढून खाली ओढून भागतं. रोज अर्धा-पाऊण तास चालवत असाल तर इलॅस्टिकवाली पुरे, फक्त इलॅस्टिक रुंद आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असलेली बघा.

माउंटन बाईकवाल्यांना किंवा लायक्रा, म्हणजे अंगाला चिकटणारं ताणतं कापड, घालून फिरायला लाजणाऱ्यांना तिसरा मार्ग आहे, बाहेरून सैल बर्मुडा आणि आत पॅडवाला लायनर, म्हणजे आतून घालायची पातळ शॉर्ट. लायनरला मात्र इथे लिहिलेलं सगळं तसंच लागू.

४. पॅड, म्हणजे खरा मुद्दा

पॅडला शॅमी म्हणतात. शॅमॉय नावाच्या डोंगरी, शेळीसारख्या प्राण्याच्या मऊ चामड्याचं अस्तर पूर्वी लोकरीच्या शॉर्टमध्ये लावायचे त्यावरून हे नाव आलं. ते चामडं धुऊन वाळलं की पापडासारखं कडक व्हायचं आणि मऊ करायला त्याला क्रीम चोळावं लागायचं. आता पॅड सिंथेटिक फोमचा असतो, नाव आणि क्रीम मात्र टिकून आहेत.

शॉर्ट उलटी करा आणि पॅड नीट बघा. जाडीला भुलू नका, मी भुललो. जाड पण भुसभुशीत फोम अर्ध्या तासात चपटा होतो, वर मांड्यांच्या मध्ये येऊन घासतो तो वेगळाच. बघायची असते ती घनता. हाडं टेकतात त्या जागी दोन बोटांत पॅड जोरात चिमटा, बोटं एकमेकांना लगेच जाणवली तर सोडून द्या. काही कंपन्या घनता किलो प्रति घनमीटरमध्ये छापतात, तीन-चार तासांच्या राईडसाठी हाडांखाली 100 च्या पुढे असेल तर चांगलं, तासाभरासाठी त्यापेक्षा कमी चालतं. चांगल्या पॅडमध्ये सगळीकडे सारखी जाडी नसतेच, हाडांखाली दाट, पुढे पातळ, कडेला जवळजवळ कागदासारखा.

पुरुषांच्या पॅडमध्ये मधोमध खाच किंवा पातळ भाग असतो, कारण तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात आणि तिथे दाब नको. पुढे थोडी खोलगट जागाही लागते, कशासाठी ते सांगायला नको. बायकांचा पॅड सहसा रुंद आणि आखूड असतो, त्यामुळे सेलमध्ये मिळाली म्हणून बायकोची किंवा बहिणीची साईज ढापू नका, आणि ‘युनिसेक्स’ लिहिलेल्या पॅडपासून मी लांबच राहतो. जेलचा पॅड हाताला भारी वाटतो पण मला तो गरम होतो, लांब राईडला फोमच बरा.

५. कापड आणि शिवण

नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि त्यात इलॅस्टेन नावाचा ताणला जाणारा धागा, साधारण असंच असतं. लायक्रा हे इलॅस्टेनच्याच एका ब्रँडचं नाव, हा धागा 1958 मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरा, आरपार दिसलं तर रस्त्यावरही दिसणार. आतल्या शिवणींवरून बोट फिरवा, सपाट शिवण बोटाला जेमतेम कळते, उंच शिवण लगेच लागते. मांडीच्या आत आणि पॅडच्या कडेला हे नक्की तपासा. पायाच्या टोकाला बारीक घट्ट इलॅस्टिकपेक्षा रुंद पट्टा बरा, मांडीत रुतत नाही. आतून सिलिकॉन असेल तर केसाळ लोकांनो, काढताना देव आठवेल.

६. घालून बघा, पण वाकून

दुकानात ट्रायलला पातळ अंडरवेअर ठेवाच, तुमच्या आधी आणि नंतर इतर लोकही ती घालतात. शॉर्ट वर खेचा, पॅड जांघेला चिकटून बसला पाहिजे, खाली लोंबत असेल तर माप मोठं आहे. अंगाचा पुढचा नाजूक भाग वरच्या दिशेला नीट बसवून घ्या, खाली दबून राहिला तर राईडमध्ये मुंग्या येतात. मग टेबलावर दोन्ही हात टेकवा, हँडल धरल्यासारखं वाका, एक एक गुडघा छातीकडे आणा. बिबचे पट्टे उभ्याने खांद्यावर ओढले जातात आणि वाकलं की सैल होतात, हे बरोबर आहे. उलट उभ्यानेच पट्टे सैल असतील तर साईज मोठी. वाकल्यावर मागे पाठ उघडी पडत नाही ना, पॅड हलत नाही ना, मांडीवर कापड गोळा होत नाही ना. दुकानात सायकल उभी असेल तर विचारून दहा मिनिटं बसा, लाजू नका.

घरी आणल्यावर राईडला अंडरवेअर घालायची नाही. अजिबात नाही. नवीन लोकांना हे पटत नाही, पण अंडरवेअरची शिवण आणि ओला कॉटन यांच्यामुळेच जांघा सोलवटतात, पॅड थेट अंगाला लागायलाच केलेला असतो.

हे सगळं करूनही फक्त एकाच बाजूला घासत असेल तर शॉर्टला शिव्या देण्याआधी सीटची उंची बघा, सीट जास्त वर असली की कंबर डावी-उजवी डोलते. आणि पुढे बधिरपणा येत असेल तर तो सहन करू नका, थांबा, उभं राहून पेडल मारा, सीटचं नाक वर तर नाही ना, सीट फार अरुंद तर नाही ना ते तपासा. नवी सीट, नवी शॉर्ट करूनही जात नसेल तर डॉक्टरला दाखवा.

७. धुणं

राईड संपली की आधी शॉर्ट काढा, मग चहा, फोटो, अपलोड. घामट पॅडमध्ये बसून राहिलं की पुळ्या येतात. उलटी करून गार पाण्यात, साध्या साबणाने, कपडे मऊ करायचं लिक्विड न टाकता धुवा, त्या लिक्विडने कापडाचा घाम शोषायचा गुण जातो आणि इलॅस्टेनही खराब होतं. पॅडची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा, इस्त्री नको, ड्रायर नको. आठवड्यात तीन-चारदा चालवत असाल तर दोन शॉर्ट लागतातच, कालचीच ओलसर चढवायची नाही.

आणि मधूनमधून जुनी शॉर्ट उजेडाकडे धरून मागची बाजू बघत जा. तिथलं कापड सगळ्यात आधी विरतं आणि घालणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. माझ्या काळ्या शॉर्टचं वय झाल्याची बातमी मला माझ्या मागे मागे चालवणाऱ्या मित्राने दिली, चढावर, सगळ्या ग्रुपसमोर.