घर सोडण्याआधी खिडकीतले पक्षी कसे नोंदवावेत

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर सव्वीस वर्षं काढली आणि किल्ल्या द्यायची तारीख ठरली ३१ मे. मार्चमध्ये पहिली खोकी बांधायला घेतली तेव्हा जाणवलं, की सामान आपल्याबरोबर येईल, पण मागच्या उंबरावरचा तांबट पक्षी येणार नाही. इमारत पाडली की ही खिडकीच नसेल. म्हणून उरलेले अडीच महिने मी रोज पाहिलं आणि लिहून ठेवलं. ते कसं केलं ते सांगते. भाड्याचं घर बदलणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे.

आधी नकाशा

पहिल्याच दिवशी पक्ष्यांची यादी करायला बसू नका. खिडकीतून काय काय दिसतं ते वहीच्या एका पानावर काढा: झाडं, तारा, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, एसीचे डबे, भिंतीतली भोकं. प्रत्येकाला क्रमांक द्या. माझ्या पानावर १ काटेसावर, २ उंबर, ३ शेवगा, ४ देशी बदाम, ५ गुलमोहर, ६ टाकी असं होतं. मग नोंद एवढीच करायची: "७.१०, २ नंबर, तांबट एक, वाळक्या फांदीला भोक पाडतोय." पक्षी, वेळ, जागा आणि तो काय करत होता. तांबट पुण्यात इतरत्रही दिसेल. पण या उंबराच्या या फांदीत त्याने घर केलं होतं, हे फक्त तुमच्याच खिडकीला माहीत आहे, आणि लिहून ठेवायचं आहे ते हेच.

कुठे बसायचं, कधी बसायचं

गजांना नाक लावून उभं राहिलं की पक्षी उडतो. खिडकीपासून चार-पाच फूट आत, खोलीतला दिवा बंद करून बसा. बाहेरच्या उजेडातून अंधारी खोली त्यांना नीट दिसत नाही. सकाळी सूर्योदयानंतरचा तास सगळ्यात भरलेला. तो स्वयंपाकाच्या गडबडीत जात असेल तर संध्याकाळची शेवटची पंचवीस मिनिटं धरा: पोपटांचे थवे रातथाऱ्याला निघतात, पाकोळ्या इमारतींभोवती घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता वटवाघळं बाहेर येतात. रोज तीच वेळ आणि तेवढीच मिनिटं ठेवलीत तर मार्चची आणि मेची पानं शेजारी ठेवून पाहता येतात.

दुर्बीण नसली तरी चालतं. घ्यायचीच असेल तर ८ × ४२ ची पुरते. ८ म्हणजे आठपट जवळ दिसणं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. याहून जास्त पटीची हातात धरली की चित्र थरथरतं.

कान आधी, डोळे नंतर

फ्लॅटमधून पाहताना पक्षी पानांआड जातो, म्हणून ओळख आवाजाने सुरू करा. टुक-टुक-टुक असा एकसुरी ठोका म्हणजे तांबट. मुठीत मावेल एवढ्या देहातून येणारा खणखणीत "टुविट-टुविट" शिंप्याचा. घुमणारा "कूप-कूप-कूप" भारद्वाजाचा. कोकिळेच्या बाबतीत बहुतेकांची गफलत होते: "कुहू" गातो तो काळाभोर नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज तीक्ष्ण "किक्-किक्-किक्" असा. घारीसारखी शीळ ऐकू आली पण आभाळात घार दिसली नाही, तर झाडाकडे पाहा. राखी धनेश असू शकतो.

भांडणाचे आवाजही शिकून घ्या. खार एका लयीत चिरचिरत राहिली की खाली मांजर किंवा वर शिक्रा हा शिकारी पक्षी आहे. कावळे एकाच फांदीभोवती गोंधळ घालत असतील तर त्या फांदीवर नजर ठेवा. मला आमच्या गुलमोहरावरचा पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, कावळ्यांनीच दाखवला. इतकी वर्षं तो तिथे असेल आणि मी पाहिला नव्हता, याची हुरहुर अजून आहे.

शंका आली तर मर्लिन हे मोफत ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. त्याचं सुचवणं पुरावा मानू नका. पक्षी डोळ्यांनी दिसल्यावरच वहीत नाव लिहा.

पक्षी नसलेले शेजारी

सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर अर्धवट चावलेले बदाम पडलेले असतील तर रात्री फळं खाणारी वटवाघळं येऊन गेली. कुंडीतल्या लिंबाची पानं कुरतडलेली दिसली तर अळी शोधा. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. त्या अळ्यांवर फवारा मारू नका.

घरटी: इथे घाई करू नका

मार्च ते जून हा बऱ्याच पक्ष्यांच्या विणीचा काळ, आणि नेमका घर बदलण्याचाही. बांधाबांध सुरू करण्याआधी गॅलरीतली प्रत्येक कुंडी, कपड्यांची दोरी, लोंबती वायर पाहून घ्या. शिंजीराचं घरटं कचऱ्याच्या लोंबत्या पुंजक्यासारखं दिसतं आणि कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं असतं. बुलबुल दाट पानांच्या कुंडीत वाटी करतो. पूर्वी एकदा मी रंगकामासाठी बुलबुलाचं घरटं असलेली कुंडी दोन खोल्या पलीकडे नेली. आई-बाप जुन्या जागी घिरट्या घालत राहिले, अंडी थंड झाली. तेव्हापासून नियम केला: घरटं असलेली कुंडी हलवायची नाही. या लहान पक्ष्यांना अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. ती कुंडी सामानातून सगळ्यात शेवटी न्या, किंवा मागेच ठेवा आणि पिल्लं उडाल्यावर येऊन घेऊन जा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे सामान हलवणाऱ्या माणसांनाही सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी ढोल्यांची करा. धनेशाची मादी ढोलीत बसून विष्ठेने आणि मातीने दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत असताना तिची पिसंही झडतात. नर बाहेरून फळं आणून भरवतो. उंबराची फळं घेऊन नर एकाच खोडाकडे पुन्हा पुन्हा येताना दिसला तर आत मादी आणि पिल्लं आहेत असं समजा. तेव्हा ते झाड तोडलं तर तिला उडून जाताही येणार नाही.

आणि इथे वही कामाला येते. शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. परवानगीआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात. "झाडावर पक्षी आहेत" असं मोघम लिहू नका. झाडाचा क्रमांक, ढोलीची उंची, तारखा आणि फोटो लावून हरकत द्या. सोसायटीच्या बैठकीतही हेच कागद ठेवा आणि निदान तोड विणीनंतर करा, असं बिल्डरकडून लेखी मागा.

पाण्याचं भांडं कुणाकडे

दाणे टाकत असाल तर निघायच्या महिनाभर आधी हळूहळू कमी करा. खरं तर दाणे टाकूच नयेत असं माझं मत आहे. त्यांवर पारवे जमतात, आणि पारव्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. पाणी मात्र मे महिन्यात एकाएकी बंद करू नका. दोन इंच खोल मातीचं पसरट भांडं, मधे एक दगड, पाणी रोज बदललेलं, इतकंच लागतं. आमची अख्खी इमारत रिकामी होणार होती, म्हणून समोरच्या इमारतीतल्या काकूंना विचारलं. शेवटच्या पंधरवड्यात त्यांच्या गॅलरीत भांडं ठेवलं आणि माझं एक दिवसाआड भरायला लागले. आठवड्याभरात बुलबुल तिकडे उतरले.

नोंदी पाठवा

वही कपाटात राहिली तर तुमच्यापुरतीच राहील. ई-बर्ड या मोफत संकेतस्थळावर तुमच्या जागेची खूण करून रोजची यादी टाका: किती मिनिटं पाहिलं, कोणते पक्षी, किती. ओळखलेले सगळे टाका, कावळे-पारवेसुद्धा. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भारतातले लोक २०१३ पासून भाग घेतात. नव्या घराच्या खिडकीची पहिली यादी तिथे करता येईल.

निघायच्या दिवशी

पडदे काढण्याआधी नेहमीच्या वेळी शेवटची यादी करा. पडदे गेले की खोली उजळते आणि पक्षी बिचकतात. मग गॅलरीतली पारव्यांसाठीची नायलॉनची जाळी पूर्ण काढून घ्या, अर्धी फाटकी लोंबत ठेवू नका. दोऱ्या आणि मांजाचे तुकडे गोळा करा. बाथरूमच्या काचा आणि पंख्याचं भोक बंद आहे ना ते पाहा. रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरलेल्या साळुंकीचा आवाज ऐकायला मागे कुणी नसतं.