तगर ओळखायची कशी, लावायची कशी आणि फुलवायची कशी

नर्सरीत सगळ्यात जास्त गल्लत होते ती डबल तगर आणि अनंत यांच्यात. दोन्ही सदाहरित, दोघांची पाने गडद आणि चकचकीत, दोघांना पांढरी भरगच्च फुले. पण दोघांचा स्वभाव वेगळा. अनंताला आम्लधर्मी माती लागते आणि थोडे बिनसले की कळ्या गळतात. तगर मात्र बरेच काही चालवून घेते. म्हणून रोप घेण्याआधी ओळख पक्की करा.

सर्वात सोपी खूण म्हणजे चीक. एक पान देठापासून तोडा. पांढरा दुधासारखा चीक लगेच आला तर ती तगर. ती कण्हेरीच्या कुळातली. अनंत कॉफीच्या कुळातला, त्याला असा चीक नसतो. चीक हाताला लागला तर धुऊन टाका, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

झुडूप फुलांवर असेल तर चीक पाहायचीही गरज कमी. एकेरी तगरीला पाच पाकळ्या असतात, प्रत्येक एकाच दिशेला मुरडलेली, थेट भिरभिऱ्यासारखी. फूल साधारण 3 ते 5 सेंटीमीटरचे, सुगंध रात्री जास्त. तगरीचे फूल पांढरेच राहून कोमेजते, अनंताचे जुने होताना पिवळसर पडते. फांद्यांकडेही बघा: तगरीची फांदी पुन्हा पुन्हा दोन फाट्यांत विभागते आणि फुले त्या बेचक्यांत येतात. शास्त्रीय नावातला ‘डायव्हरिकाटा’ हा शब्द याच फाकलेल्या फांद्यांवरून आला आहे. आयुर्वेदात ‘तगर’ म्हणून जी मुळी वापरतात ती वेगळ्याच वनस्पतीची. या झुडपाचे काहीही पोटात घेऊ नका.

आता लागवड. बियांच्या नादी लागू नका, फाटे (लावायला कापलेले फांदीचे तुकडे) सोपे. ना फार कोवळी ना फार जून अशी 10 ते 15 सेंटीमीटरची फांदी पेराच्या लगेच खाली कापा. कापलेल्या टोकाचा चीक धुऊन थोडा वेळ सुकू द्या. खालची पाने काढा, वरची दोन-चार ठेवा आणि ती मोठी असतील तर अर्धी कापा. निम्मी वाळू आणि निम्मी माती अशा ओलसर मिश्रणात फाटा खोचून सावलीत ठेवा. वर पारदर्शक पिशवी घातली तर दमटपणा टिकतो. मुळे धरली का हे बघायला फाटा उपटू नका. नवी पाने फुटून वाढू लागली आणि हलकेच ओढल्यावर फाटा जागचा हलला नाही, की समजा जमले.

रोप जमिनीत लावा किंवा 30 सेंटीमीटरच्या कुंडीत, पण पाण्याचा निचरा हवाच. ऊन चार-पाच तास तरी मिळावे. पूर्ण सावलीत झुडूप हिरवेगार राहते, फुले मात्र मोजकीच. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्या. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड पाण्याने किंवा चुनखडीच्या मातीत हे होते. चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातले) द्या, नुसते खत वाढवून उपयोग नाही. थंडीत गोठणारे दव पडत असेल तर कुंडी आत घ्या.

खरी मेख छाटणीत आहे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून न छाटलेली तगर उंच, काटकुळी आणि खाली उघडी पडते. बहर ओसरला की प्रत्येक फांदीचा एक तृतीयांश भाग पानांच्या जोडीच्या थोडे वर कापा. त्या जोडीच्या बगलेतून नवी फूट निघते. जुने, हाताबाहेर गेलेले झुडूप गुडघ्याएवढे छाटले तरी बहुतेकदा पुन्हा भरते. छाटल्यावर मूठभर शेणखत किंवा गांडूळखत घाला. नत्र जास्त झाले तर नुसती पाने माजतात.

कीड फारशी नाही. पिठ्या ढेकूण (पांढरे, कापसासारखे दिसणारे किडे) दिसले तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग साबणाचे सौम्य पाणी फवारा. पाने रातोरात कुरतडली गेली आणि खाली काळपट लेंड्यांचे दाणे दिसले तर कण्हेरीवरच्या पतंगाची अळी शोधा: बोटाएवढी, हिरवी, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके. फवारणीची गरज नाही, संध्याकाळी हाताने वेचून काढा. झुडूप मोठे असेल तर एखादी तशीच सोडली तरी चालते, तेवढी पाने तगर पुन्हा भरून काढते.