शॉटगन घरात मुक्काम: न्यू ऑर्लिन्सला निघण्यापूर्वीची तयारीची यादी

बुकिंगचं बटण दाबण्याआधी एक कागद घ्या आणि घरातल्या खोल्या रस्त्यापासून परसापर्यंत ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने लिहून काढा. शॉटगन घर साधारण १२ फूट रुंद आणि ४५ ते ७० फूट लांब असतं. मूळ रचनेत मधे बोळ नाही. कोकणातल्या घरात ओटीवरून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात जावं तसं इथे पहिल्या खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जायचं. फरक एवढाच की मधल्या खोल्यांत कुणीतरी झोपलेलं असतं. १८६० नंतरच्या पाच-सहा दशकांत अशी हजारो घरं या शहरात बांधली गेली. तेव्हा आत न्हाणीघर नव्हतं. पुढे ते जोडलं गेलं ते बहुधा पार मागे, स्वयंपाकघराला लागून. म्हणजे दर्शनी खोलीत झोपलेल्याला रात्री दोनला उठायचं असेल, तर दोन पलंगांच्या बाजूने वाट काढत जावं लागतं.

म्हणून ‘सहा जणांची सोय’ या शब्दांवर विसंबू नका. त्या सहांतले दोन बहुतेक वेळा दर्शनी खोलीतल्या सोफा-कम-बेडवर असतात. मालकाला थेट विचारा: पुढून मागे खोल्यांचा क्रम काय, न्हाणीघरं किती आणि नेमकी कुठे, मधल्या खोल्यांना बंद होणारी दारं आहेत की नुसत्या कमानी, आणि बाजूने आत येणारं दार किंवा लांब गॅलरी आहे का. बाजूची गॅलरी असेल तर मधल्यांची झोपमोड टळते. नूतनीकरणात काही ठिकाणी एका कडेने बोळ काढलेला असतो. ऐकायला छान वाटतं, पण १२ फुटांतून ३ फूट गेले की खोलीत पलंग टाकल्यावर बॅग उघडायलाही जागा उरत नाही.

प्रकारही समजून घ्या. एकेरी घर स्वतंत्र उभं असतं. दुहेरी म्हणजे एकाच छपराखाली मधली भिंत सामाईक असलेली दोन घरं. पलीकडे कायमचे रहिवासी राहत असतील तर त्यांचा टीव्ही तुम्हाला आणि तुमची मुलं त्यांना ऐकू जाणार. दोन कुटुंबं मिळून जात असाल तर दुहेरी घराच्या दोन्ही बाजू एकत्र मिळतात का ते बघा. आमच्या मते मोठ्या गटासाठी याहून चांगली रचना नाही. कॅमलबॅक या तिसऱ्या प्रकारात मागच्या भागावर एक मजला चढवलेला असतो. तिथली खोली सगळ्यात निवांत, पण जिना अरुंद आणि उभा. गुडघे दुखणाऱ्यांना ती देऊ नका. पायऱ्यांचा प्रश्न एरवीही आहेच, कारण ही घरं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच विटांच्या खांबांवर उभी असतात. दारात चार-पाच पायऱ्या धरूनच चाला. कठडा आहे का, हे फोटोत दिसलं नाही तर विचारून घ्या.

झोपण्याची वाटणी घरीच ठरवा. आजी-आजोबांना न्हाणीघराला लागून असलेली खोली, त्यापुढची लहान मुलं असलेल्यांना, आणि संगीत ऐकून मध्यरात्री परतणाऱ्यांना दर्शनी खोली. रस्त्यावरचं दार थेट तिथेच उघडतं, त्यामुळे त्यांच्या येण्याने बाकीचे उठत नाहीत. पहाटे चहाला उठणारे मागे आणि उशिरापर्यंत लोळणारे पुढे, हीही वाटणी आपोआप साधते. सामानात प्लगमध्ये बसणारे तीन-चार रात्रदिवे, प्रत्येकासाठी कानात घालायचे बोळे आणि दर्शनी खोलीवाल्यांसाठी डोळ्यांवरची पट्टी टाका. जुन्या घरांत भिंतीतली कपाटं फार कमी. एखादं लाकडी उभं कपाट असतं, तेवढंच. मोठ्या कडक बॅगांपेक्षा पलंगाखाली सरकणाऱ्या मऊ बॅगा न्या. दारांच्या सरळ रेषेत काहीही ठेवायचं नाही. ती घरातली एकमेव वाट आहे.

परवाना हा बुकिंगचा दुसरा टप्पा, आणि तो टाळू नका. अल्पमुदतीच्या भाड्यावर शहराचे नियम कडक आहेत आणि ते अनेकदा बदलले आहेत. जाहिरातीत शहराचा परवाना क्रमांक हवा. फ्रेंच क्वार्टरच्या बहुतांश भागात आणि गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये अशा भाड्याला परवानगीच नाही. ‘फ्रेंच क्वार्टरच्या मधोमध अख्खं घर’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हा. विनापरवाना घर ऐनवेळी बंद झालं तर पैसे परत मिळतीलही, पण मार्डी ग्रास या मिरवणुकांच्या मोठ्या उत्सवाच्या आठवड्यात दुसरं छप्पर मिळणार नाही. २०२७ मध्ये मार्डी ग्रास ९ फेब्रुवारीला आहे. त्या काळात आणि एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीच्या जॅझ फेस्ट या संगीत महोत्सवाच्या वेळी बरेच मालक किमान चार-पाच रात्रींची अट घालतात.

वस्ती निवडताना नदीकडे बघा. मिसिसिपीच्या काठाची जमीन उंच आहे. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, तेव्हा मॅरिनी, बायवॉटरचा नदीकडचा भाग, आयरिश चॅनेल आणि नदीपलीकडचं अल्जियर्स पॉइंट बऱ्याच अंशी कोरडे राहिले. वादळच हवं असं नाही, नुसत्या जोरदार पावसानेही सखल रस्ते तुंबतात. घर उंचावर असल्याने तुम्ही सुरक्षित राहता, पण गाडी खालीच उभी असते. पावसाचा इशारा आला की स्थानिक लोक गाड्या कुठे नेतात, हे मालकाला आधीच विचारून ठेवा. बायवॉटर आणि मॅरिनीच्या मधून प्रेस स्ट्रीटला मालगाडीचा रूळ जातो. फाटक लागलं की बराच वेळ खोळंबा होतो आणि इंजिनाचा भोंगा रात्रीही वाजतो. आयरिश चॅनेलमध्ये मार्डी ग्रासला उतरणार असाल तर मिरवणुकांच्या वेळा छापून जवळ ठेवा. नेपोलियन आणि सेंट चार्ल्स अव्हेन्यू अडले की आतला भाग कोंडला जातो, त्याला गावातले लोक ‘बॉक्स’ म्हणतात. मिरवणूक संपेपर्यंत गाडी बाहेर काढणं विसरा.

ह्यूस्टनहून आय-१० महामार्गाने येणाऱ्यांना अंतर साधारण ३५० मैल पडतं. येताना गाडी छोटी आणा. बहुतेक घरांना स्वतःची पार्किंगची जागा नसते. रस्त्यावर लावताना कोपऱ्यापासून २० फूट आणि आगीच्या बंबाच्या नळापासून १५ फूट सोडा, पाट्या वाचा, आणि गाडीत दिसेल असं काहीही ठेवू नका. पदपथ ओकच्या मुळांनी उचकटलेले असतात. चाकांची बॅग तिथे ओढण्यापेक्षा दारात उतरवून मग गाडी लावायला जा.

भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना सांगा की मिक्सर, इस्त्री, केटल आणू नका. इथे वीज १२० व्होल्टची. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावून २३० व्होल्टचं उपकरण नीट चालत नाही. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १००-२४० व्होल्टचे असतात, त्यांना अडॅप्टर पुरतो. जुन्या घरात वायरिंग नवं असलं तरी सर्किटं मोजकीच. १५ अँपिअरच्या सर्किटवर जास्तीत जास्त १,८०० वॉट जातात आणि एकटा हेअर ड्रायरच १,५०० च्या पुढे घेतो. त्याच वेळी मायक्रोवेव्ह किंवा खिडकीतला एसी चालू असेल तर ब्रेकर पडणारच. ब्रेकरची पेटी बहुधा मागच्या बाजूला सापडते, पहिल्याच दिवशी जागा बघून ठेवा. पडलेला ब्रेकर मधेच अडकलेला दिसतो. तो आधी पूर्ण बंद करून मगच चालू करायचा, नाहीतर धरत नाही.

एसीची गंमत वेगळी. छत १२ फुटांच्या आसपास उंच, कारण विजेआधीच्या काळात गरम हवा वर जावी आणि पुढचं-मागचं दार उघडून वारा खेळावा अशी योजना होती. आता तोच वारा आपण दारं लावून अडवतो. मध्यवर्ती एसी असेल तर हवा परत ओढणारी जाळी बहुतेक मधल्या खोलीत असते. रात्री सगळ्यांनी दारं गच्च लावली की पुढची खोली तापते आणि मधली गारठते. दारं दोन बोटं उघडी ठेवा आणि थर्मोस्टॅट ७५ फॅरनहाइटच्या आसपास राहू द्या. ६८ वर नेऊन घर लवकर थंड होत नाही, उलट उन्हाळ्याच्या दमट हवेत एसीच्या आतल्या कॉइलवर बर्फ धरण्याची भीती असते. खिडक्यांशी झटापट करू नका. वारसा वस्त्यांतल्या घरांचं बाह्यरूप बदलायला शहराच्या वारसा आयोगाची मंजुरी लागते, म्हणून खिडक्या अनेकदा मूळच्याच, एकेरी काचेच्या. काही रंगाने कायमच्या चिकटलेल्या असतात, तर काहींची तावदान तोलून धरणारी दोरी तुटलेली असते आणि हात सोडताच तावदान धाडकन खाली येतं.

तान्ही किंवा रांगती मुलं बरोबर असतील तर शिशाचा विचार कराच. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये, आणि ही घरं त्याच्या कितीतरी आधीची. वरचा थर नवा असला तरी खिडकी वरखाली होताना घासून जुन्या रंगाची भुकटी चौकटीत पडते. पोचल्यावर खिडक्यांच्या पट्ट्या ओल्या कपड्याने पुसा. केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. घराच्या भिंतीलगतच्या मातीत मुलांना खेळू देऊ नका आणि जेवणाआधी हात धुवा. बाळाची दुधाची पावडर कालवायला शिसं गाळणारा फिल्टर किंवा बाटलीचं पाणी वापरा. स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी घ्यायचं नाही. पाइपातलं शिसं त्यात जास्त विरघळतं.

न्हाणीघरात आपल्या सवयी आवरा. जमिनीला मोरी नाही, खाली लाकडाच्या फळ्या आहेत. बादली-मग घेऊन आंघोळ करायची असेल तर ती टबच्या आत, पडद्याचं टोक टबमध्ये सोडून. बाहेर सांडलेलं पाणी फटींतून खाली झिरपतं आणि फळ्या फुगतात, मग अनामत रक्कम परत मिळायचे वांधे. आंघोळीचा मग घरूनच न्या, इथे तो सहसा मिळत नाही. संडासात ओले वाइप्स टाकू नका, पुडक्यावर काहीही लिहिलेलं असो.

आता फोडणी. स्वयंपाकघर मागे असलं तरी बोळ नसल्याने वास थेट दर्शनी खोलीच्या सोफ्यापर्यंत पोचतो, आणि शेगडीवरचा पंखा बऱ्याचदा तीच हवा गाळून पुन्हा आत सोडतो. त्याहून त्रासाचा धुराचा अलार्म. तो १२ फुटांवर असतो, हात पोचत नाही, आणि एक वाजला की अनेक घरांत जोडलेले सगळे वाजतात. तेल कमी तापवा, सुक्या मिरच्या शेवटी टाका, मागचं दार उघडा आणि स्वयंपाकघराकडे येणारं आतलं दार लावून घ्या. चुरचुरीत फोडण्यांचं काम घरीच उरकून गोडा मसाला, मेतकूट आणि भाजलेला रवा डब्यात नेणं जास्त शहाणपणाचं. कुकर चालतो. अलार्म काढून ठेवायचा नाही. सगळं घर लाकडाचं आहे, बहुधा सायप्रस आणि पाइनचं.

ऋतूप्रमाणे यादी बदलते. मे महिन्यात, अमेरिकेतल्या मदर्स डेच्या आगेमागे, फॉर्मोसन वाळवीचे थवे उठतात. अंधार पडल्यावर तासभर ते दिव्यांवर झेपावतात. त्या वेळात पोर्चचे आणि दर्शनी खोलीचे दिवे बंद ठेवा, पडदे ओढा. सकाळी खिडकीत चार पंख पडलेले दिसले तर काही नाही. भिंतीच्या कडेला पंखांचा ढीग किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर फोटो काढून मालकाला कळवा. डासांसाठी मलम लागतंच, आणि मोठी झुरळं बघून किंचाळणाऱ्यांची मनाची तयारी करून ठेवा. गावात ती बाहेरून येतात, घाणीचं लक्षण मानत नाहीत.

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर विमा वादळाला नाव पडण्याआधी काढलेला हवा, नंतर काढलेल्या विम्यात ते वादळ धरलं जात नाही. शहराच्या ‘नोला रेडी’ सूचना फोनवर चालू करा. त्यावर पाणी उकळून पिण्याच्या सूचनाही येतात, आणि त्या वादळ नसतानाही येऊ शकतात. माणशी रोज ४ लिटर या हिशोबाने दोन दिवसांचं पाणी, टॉर्च, पॉवर बँक आणि औषधं जवळ ठेवा. २०२१ मध्ये आयडा वादळाने अख्ख्या शहराची वीज गेली होती. शहर सोडायचा आदेश येण्याची वाट बघू नका. पाहुण्यांनी आधीच निघावं, रस्ते नंतर भरतात.

हिवाळा सौम्य, पण दरवर्षीच असेल असं नाही. २१ जानेवारी २०२५ ला इथे सुमारे ८ इंच बर्फ पडलं. घराखाली मोकळी हवा खेळते आणि पाण्याचे पाइप तिथेच उघडे असतात. गोठण्याचा इशारा आला की रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवा आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. पायांत जाड मोजे लागतील.

पोचल्यावर सामान उघडण्याआधी पाऊण तास घराला द्या. पुढचं आणि मागचं दार आतून किल्लीशिवाय उघडतं का, ते करून बघा, कारण आग मधे लागली तर पुढच्यांना पुढूनच आणि मागच्यांना मागूनच पळावं लागेल. पाण्याचा मुख्य नळ, ब्रेकरची पेटी आणि अग्निशामक सिलिंडर कुठे आहे ते दोघांना तरी ठाऊक हवं. वाय-फाय मागच्या खोलीत तपासा. राउटर दर्शनी खोलीत आणि मधे विटांची जुनी चिमणी असेल तर तिथे सिग्नल मरतो. जमिनीवरचे आधीचे ओरखडे, फुगलेल्या फळ्या, चिरलेल्या काचा यांचे फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा. निघताना खिडक्यांच्या कड्या, एसी ७८ वर, कचऱ्याचा डबा ठरलेल्या वारी आदल्या रात्री रस्त्याकडेला, आणि पलंगाखाली वाकून एक नजर. चार्जर नेहमी तिथेच राहतात.