मोठी संख्या मूळ आहे का तपासताय? मग या चुका टाळा

शेवटी ७ किंवा ९ आहे, ३ ने भाग जात नाही, म्हणून बरेच जण संख्या मूळ ठरवून मोकळे होतात, पण असं अंदाजाने चालत नाही. २^६७ − १ ही २१ अंकी संख्या मर्सेन या गणितज्ञाने १६४४ मध्ये मूळ म्हणून यादीत घातली होती, १८७६ मध्ये लुकासने ती संयुक्त असल्याचं दाखवलं, आणि तिचे अवयव मिळायला १९०३ उजाडलं: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

एक्सेलमध्ये मोठे आकडे तपासू नका. तिथे १५ अंकच टिकतात, त्यामुळे २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ संख्या टाकली की शेवटचे चार अंक शून्य होतात, म्हणजे तुम्ही चक्क एक सम संख्या तपासत बसता. पायथॉन वापरा, तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो.

जावामध्ये साध्या इंटने (३२ बिटांचा पूर्णांक, २१४७४८३६४७ पर्यंतच मावतो) लूप लिहिणाऱ्यांनी तर हे नीट बघा. २१४७४८३६४७ मूळ आहे, वर्गमूळापर्यंत म्हणजे ४६३४० पर्यंत भागून पाहिलं की काम संपायला हवं. पण "विभाजकाचा वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला की थांब" अशी अट असेल तर ४६३४१ चा वर्ग इंटमध्ये मावतच नाही, तो ऋण होतो, थांबायची अट कधीच खरी होत नाही, लूप थांबत नाही, आणि शेवटी संख्येला तिनेच भागून प्रोग्राम सांगतो की संयुक्त आहे! उपाय सोपा, वर्ग करूच नका, संख्या भागिले विभाजक काय येतं त्याच्याशी तुलना करा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी चूक, फर्माची चाचणी पास झाली म्हणजे मूळ असं धरणं. या चाचणीत २ सारखा एक पाया घ्यायचा, त्याचा (संख्या − १) इतका घात करायचा आणि त्याला संख्येने भागायचं, बाकी १ आली की पास. ३४१ घ्या. २^१० म्हणजे १०२४, त्याला ३४१ ने भागलं तर बाकी १, म्हणून २^३४० ची बाकी पण १, चाचणी पास. पण ३४१ = ११ × ३१! पाया ३ घेतला तर बाकी ५६ येते आणि ती पकडली जाते. ५६१ मात्र त्याहून चिवट, तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कुठलाही पाया घ्या, ती पासच होते. नापास झाली तर संयुक्त हे पक्कं, पास झाली तर अजून काहीच पक्कं नाही, हे डोक्यात ठेवा.

म्हणून मिलर-राबिन वापरा, ही फर्माच्याच चाचणीची कडक आवृत्ती: घातातले २ चे अवयव आधी बाजूला काढायचे, उरलेल्या घाताची बाकी काढायची आणि तिचा वर्ग करत जायचं. ३४० = ४ × ८५, २^८५ ची बाकी ३२, आणि ३२ चा वर्ग केला की बाकी १. मूळ संख्येत वर्ग करून १ देणाऱ्या बाक्या फक्त १ आणि −१ (म्हणजे संख्येपेक्षा एकने कमी) असतात, इथे ३२ मध्येच घुसलाय, झालं, ३४१ पकडली गेली. किती सुंदर आहे हे! पण पाया एकच ठेवू नका, ६४ बिटपर्यंतच्या (२^६४ पेक्षा लहान) संख्यांसाठी २ ते ३७ मधले सगळे १२ मूळ पाये घेतले की उत्तर खात्रीचं.

कोड झाला की त्यात ३४१, ५६१, २०४७ आणि २१४७४८३६४७ टाकून बघा. पहिल्या तीन संयुक्त यायलाच हव्यात, चौथी मूळ. २०४७ (२३ × ८९) मूळ आली तर तुम्ही फक्त पाया २ घेतलाय.