चाकू बनवायला स्वस्तातला बेल्ट ग्राइंडर घेताय? आधी बेल्ट बघा, मग मशीन

ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा इथे गोव्यात डिचोलीत काय, फोंड्यात काय, कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतो, अँगल ग्राइंडरने तो कापूनही होतो आणि कानशीने घासत बसलं तर एखादी सुरी तयारही होते. पण दोन-तीन सुऱ्या झाल्या की खांदे भरून येतात आणि मग माणूस बेल्ट ग्राइंडर, म्हणजे मोटरवर पळणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर पातं घासायचं मशीन, शोधायला लागतो, आणि शोधताना पहिली बघतो किंमत, दुसरा बघतो मोटरचा एचपी. मला मनापासून वाटतं की सुरुवात बेल्टपासून करावी, कारण मशीन एकदाच घ्यायचं असतं पण बेल्ट दर महिन्याला लागतात, आणि त्या मापाचा चांगला बेल्ट मिळतच नसेल तर कितीही स्वस्त मशीन शेवटी महागच पडतं.

तर मापं. चाकूवाल्यांचं जगभर चालणारं माप म्हणजे २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब, आपल्याकडचे दुकानदार ५० बाय १८३० मिलिमीटर म्हणतात. या मापात खरखरीत ३६ नंबरपासून बारीक ४००च्या पुढेपर्यंत सगळं मिळतं (नंबर मोठा तेवढा दाणा बारीक), दाण्याचे प्रकारही सगळे, सिरॅमिक, झिर्कोनिया, साधा अल्युमिनियम ऑक्साइड, मऊ कापडाचे वळणारे बेल्ट, सगळं. २ बाय ४८ पण चालतं, मशीन लहान आणि स्वस्त पडतं, फक्त बेल्ट आखूड म्हणून लवकर तापतो आणि लवकर संपतो. तिसरं म्हणजे १ बाय ३० वालं टेबलावर ठेवायचं छोटं मशीन, हे सगळ्यात स्वस्त. मासे साफ करायची छोटी सुरी, भाजी चिरायची सुरी एवढंच करायचं असेल तर त्याच्यावर शिकता येतं, पण कोयत्यासारखं जाड पातं त्याच्यावर घासायला गेलात तर मोटर दबते आणि मागची पट्टी वाकते. आणि ते ४ बाय ३६ वालं, बाजूला गोल डिस्क असलेलं मशीन मिळतं ना, ते लाकडाचं आहे, मुठीला ठीक, पात्याचा उतार काढायला नाही.

एखादं मशीन विचित्र मापाचं असेल, म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या सोयीने ठेवलेलं काहीतरी माप, तर सरळ सोडून द्या. बेल्ट हव्या त्या मापात जोडून मिळतात हे खरं, पण मग एक-दोन नग सहसा कोणी करून देत नाही, गठ्ठाच घ्यावा लागतो, आणि गोव्यात बेल्टचा गठ्ठा घेऊन ठेवायचा म्हणजे पावसाळ्याशी गाठ. त्यावर पुढे बोलतो.

आता मोटर. २ इंची बेल्टला १ एचपी ही खालची हद्द, दीड ते २ एचपी असेल तर निवांत काम होतं. घरी सिंगल फेज असतं, २ एचपीला १५ ॲम्पियरचा पॉवर प्लग, जाड वायर आणि नीट अर्थिंग पाहिजेच, एक्स्टेन्शन बोर्डावर हे चालवू नका. गावाकडे पावसात व्होल्टेज पडतं तेव्हा सिंगल फेज मोटर सुरू होताना नुसती घूं घूं करते आणि जळते, असं झालं की लगेच बंद करायची. दुसरी गोष्ट, मोटर पूर्ण बंद बॉडीची, मागे पंखा असलेली घ्या. जुन्या आटा चक्कीची मोटर स्वस्तात मिळते म्हणून लोक बसवतात, पण त्यातल्या बऱ्याच उघड्या जाळीच्या असतात आणि लोखंडाची भुकटी आत वाइंडिंगवर जाऊन बसते. पाण्याच्या मोनोब्लॉक पंपाची मोटर तर विचारातच घेऊ नका, तिचा शाफ्ट पंपासाठीच केलेला असतो.

स्पीडवर मी जरा जास्त बोलणार कारण स्वस्त मशीनमध्ये फसवणूक इथेच होते. बेल्ट किती जोरात पळतो ते नुसत्या मोटरच्या आरपीएमवरून, म्हणजे मिनिटाला किती फेरे त्यावरून, कळत नाही, चालवणाऱ्या चाकाचा व्यास पण धरावा लागतो. व्यास मीटरमध्ये घ्या, ३.१४ ने गुणा, आरपीएमने गुणा, मिनिटाला किती मीटर ते निघतं. १०० मिलिमीटरचं चाक आणि १४०० आरपीएम धरलं तर मिनिटाला साधारण ४४० मीटर, म्हणजे सेकंदाला ७ मीटरच्या वर थोडं. तेच चाक २८०० वर लावलं तर सेकंदाला १४-१५ मीटर. १५० मिलिमीटरचं चाक २८०० वर म्हणजे २२ मीटर. शिकणाऱ्याला ७ ते ११ हा पट्टा बरा, काम हळू होतं पण चूक दिसेपर्यंत हात थांबवता येतो, आणि पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं पातं जोरात पळणाऱ्या बेल्टवर बघता बघता निळं पडतं. निळं पडलं म्हणजे त्या जागेचं पाणी उतरलं, तिथे धार टिकणार नाही, वरून कितीही पॉलिश करा.

म्हणून पैसे थोडे जास्त घालता येत असतील तर ते व्हीएफडीवर घाला, म्हणजे थ्री फेज मोटर आणि तिला घरच्या सिंगल फेजवर चालवणारा स्पीड कंट्रोलचा डबा. नॉब फिरवला की खरखरीत कामाला जोरात, धारेला आणि मुठीला हळू. घेताना मोटरच्या प्लेटवर डेल्टामध्ये (हा वायर जोडणीचा प्रकार) २३० व्होल्ट लिहिलेलं आहे ना ते बघा, फक्त ४१५ वालं असेल तर त्या डब्यावर पूर्ण ताकद मिळत नाही. आणि साधी कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर या डब्यावर चालत नाही, असं जोडून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. बजेट नसेल तर दोन-तीन पायऱ्यांची पुली आणि व्ही बेल्ट, जुना उपाय आहे, बेल्ट सरकवायला वेळ जातो पण काम चोख. व्हीएफडीचा डबा मात्र मशीनला चिकटवून ठेवू नका, लोखंडाची भुकटी करंट वाहून नेते, तो झाकलेल्या पेटीत भिंतीवर लांब लावा.

मशीन समोर असेल तेव्हा चालू करायच्या आधी बेल्ट हाताने फिरवून बघा. चाक डुगडुगतं का, बेअरिंग खरखरतं का, आणि बेअरिंगला रबरी सील आहे ना, म्हणजे नंबरच्या मागे २आरएस असतं ते, कारण पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये भुकटी लवकर शिरते. वरचं ट्रॅकिंगचं चाक, म्हणजे बेल्टला सरळ रेषेत ठेवणारं, मध्ये किंचित फुगीर पाहिजे, ते सपाट असेल तर बेल्ट जागेवर बसत नाही. मग चालू करून ट्रॅकिंगचा नॉब अगदी थोडा फिरवा, बेल्ट हळूच बाजूला सरकून तिथेच थांबला पाहिजे, बघता बघता परत सरकत राहिला तर फ्रेम वाकडी आहे. बेल्टच्या मागची सपाट पट्टी, प्लॅटन म्हणतात तिला, तिच्यावर स्टीलची फूटपट्टी उभी धरून मागून उजेड येतो का बघा, उजेड आला तर ती आधीच झिजलेली आहे किंवा सुरुवातीपासून वाकडी आहे. प्लॅटन वर-खालच्या चाकांपेक्षा एक-दीड मिलिमीटर पुढे असावी. रंग कसा आहे, स्टिकर कुठला आहे ते सगळं राहू द्या.

गोव्यात बसून हे घ्यायचं तर तीन वाटा आहेत. ऑनलाइन मागवायचं, मग वजनामुळे ट्रान्सपोर्टचा खर्च आधी विचारून घ्यायचा. नाहीतर बेळगाव-कोल्हापूरकडे मशीनकाम करणारे खूप आहेत, तिथे जाऊन चालवून बघून घ्यायचं, मला ही वाट सगळ्यात आवडते कारण वरच्या सगळ्या तपासण्या हातात घेऊन करता येतात. तिसरी, इथल्याच वेल्डिंगवाल्या मेस्ताकडून चौकोनी पाइपाची फ्रेम करून घ्यायची आणि चाकं तयार आणायची. चाकं मात्र लेथवाल्याकडून अंदाजाने करून घेऊ नका, ज्याने आधी अशी चाकं केली आहेत त्यालाच सांगा, चाकाचा बॅलन्स गेला तर पूर्ण मशीन थरथरतं आणि पात्यावर लाटा उठतात.

पैशातला किमान चौथा हिस्सा बेल्टला आणि मास्कला बाजूला काढा. लहान मोटरवर महागडा सिरॅमिक बेल्ट घेऊन फायदा नाही, त्याचा दाणा दाब मिळाला तरच तुटून नवा धारदार होतो, दाब नाही मिळाला तर तो चकचकीत होऊन नुसता तापतो. १ एचपीवर झिर्कोनिया ६० नंबर, मग अल्युमिनियम ऑक्साइड १२०, २२०, ४०० एवढं सुरुवातीला पुरे. बोथट बेल्ट जपून वापरण्यात बचत नाही, पातं तापतं आणि वेळ जातो, तो काढून मुठीच्या लाकडाला लावा. शेजारी पाण्याची बादली ठेवा, पातं बुडवून काढलं की धारेजवळ थेंब राहतो, घासताना तो चरचरून उडाला की परत बुडवायचं. हातमोजे कापडाचे घालू नका, बेल्ट धागा पकडून हात ओढतो. मास्क धुळीचा चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा, कापडी रुमाल चालणार नाही. आणि ज्या मशीनवर लोखंड घासलं तिथेच लाकडाचा भुसा साठू देऊ नका, ठिणगी त्यात पडून आतल्या आत धुमसते.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट की बेल्ट कापडाचे असल्यामुळे ओल धरतात, कडा वळतात आणि जोडाची टेप सुटते, जोरात पळताना सुटली तर तोंडावर येते. बेल्ट घडी न करता जाड पाइपवर टांगून बंद कपाटात ठेवा, आत एक छोटा बल्ब पेटता राहील असं करा, आणि प्रत्येक वेळी लावायच्या आधी जोड बोटाने दाबून बघा. मागे बाणाची खूण असेल तर त्याच दिशेने लावा. दोन-तीन महिन्यांपुरतेच मागवा, पावसाळ्याच्या तोंडावर मोठी ऑर्डर देऊ नका.