बोर्ड गेमचे सामायिक साहित्य खेळताना स्वच्छ कसे ठेवावे

क्लबात, वाचनालयात किंवा वसतिगृहात ठेवलेला बोर्ड गेम आज एका गटाकडे असतो, उद्या दुसऱ्याकडे. पत्ते, फासे, सोंगट्या, टोकन सगळेच हातोहात फिरते. हातांचा ओशटपणा, घाम, खाण्याचे कण हळूहळू साठतात आणि साहित्य मेणचट लागू लागते. शिवाय एखाद्या पत्त्याच्या पाठीवर डाग पडला की तो पत्ता पालथा असतानाही ओळखू येतो, मग त्या डावाला अर्थ राहत नाही.

साहित्य मळाने बिघडते, पण चुकीच्या पद्धतीने पुसल्याने ते त्याहून लवकर बिघडते. पुठ्ठ्यावर ओले फडके, ॲक्रिलिकच्या फाशांवर अल्कोहोल, रंगवलेल्या प्रतिकृतींवर (खेळातल्या छोट्या मूर्तींवर) कढत पाणी, हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून सगळा भर मळ लागू न देण्यावर ठेवा.

डाव मांडण्यापूर्वी

१. हात साबणाने २० सेकंद धुवा आणि पूर्ण कोरडे करा. दुसरा भाग लोक विसरतात. ओलसर बोटांनी धरलेल्या पत्त्याच्या कडा आधी फुगतात, मग उकलतात. सॅनिटायझर वापरत असाल तर तो हातावर पूर्ण वाळेपर्यंत पत्त्यांना हात लावू नका. ओल्या जेलमधले अल्कोहोल छपाईवरचा लेप खराब करू शकते आणि जेलचा चिकट थर मागे राहतो. हातांना क्रीम लावले असेल तर तेही आधी धुऊन काढा. घाम येतो म्हणून पावडर लावू नका, ती घामात मिसळून आणखी चिकटते.

२. टेबल पुसून कोरडे करा आणि वर निओप्रीनची (रबरासारख्या मऊ पदार्थाची) मॅट किंवा स्वच्छ कापड अंथरा. मऊ पृष्ठभागावरून पत्ता उचलताना नखाने कड खरवडावी लागत नाही.

३. पत्त्यांना स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पाकिटे, घाला. सामायिक खेळासाठी यापेक्षा उपयोगी खर्च नाही. आधी पट्टीने पत्ता मोजा. ६३ × ८८ मिमी, ५७ × ८७ मिमी आणि ४४ × ६८ मिमी ही मापे बरीच आढळतात, पण डब्यावरून अंदाज बांधू नका. स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनची घ्या. मऊ पीव्हीसीमधले प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन) कालांतराने बाहेर झिरपते आणि स्लीव्ह छपाईला चिकटते. एका गठ्ठ्याच्या सगळ्या स्लीव्ह एकाच पाकिटातल्या असाव्यात, आणि त्यातल्याच निदान पाच जास्तीच्या बाजूला ठेवाव्यात. वेगळ्या पाकिटातल्या स्लीव्हची चमक किंवा जाडी किंचित वेगळी निघाली की तोच पत्ता ओळखीचा होतो. जागेचाही विचार करा: ५० मायक्रॉनच्या फिल्मचे दोन थर म्हणजे १०० पत्त्यांच्या गठ्ठ्याची उंची १० मिमीने वाढते, आणि डब्यातल्या कप्प्यात तो मावेनासा होतो.

डाव चालू असताना

पेये टेबलावर ठेवूच नका. टेबलापेक्षा बुटक्या स्टुलावर, झाकणाच्या कपात ठेवा. खाली ठेवलेला कप कलंडला तर पेय जमिनीवर जाते, पटावर येत नाही. थंड बाटलीवरून ओघळणारे पाणीही पुठ्ठ्याला पुरेसे घातक असते, तेव्हा केवळ साधे पाणी आहे म्हणून सूट देऊ नये.

खाणे दोन डावांच्या मधे उरका. खेळताना खायचेच असेल तर कोरडे पदार्थ, तेही काट्याने. तेलकट बोटे कागदाला पुसल्याने तेल जात नाही, हात धुवावेच लागतात. कच्च्या पुठ्ठ्याने शोषलेले तेल तर कायमचेच राहते.

टोकन आणि नाणी उथळ वाट्यांत काढा आणि देण्या-घेण्याचे काम एकाच खेळाडूकडे सोपवा. सगळ्यांची बोटे सगळ्या वाट्यांत जाणे एवढ्याने थांबते. फासे कापडी तळाच्या ट्रेमध्येच टाका, म्हणजे ते जमिनीवर पडत नाहीत. शेजारी एक रिकामी वाटी ठेवा. जमिनीवर पडलेला, कोणी वर शिंकलेला किंवा लहान मुलाने तोंडात घातलेला तुकडा थेट तिच्यात जाईल आणि धुतल्याशिवाय डब्यात परतणार नाही. बोटाला थुंकी लावून पत्ते वाटण्याची सवय असलेल्याला आधीच, मोकळेपणाने सांगा. मॅट फिनिशच्या स्लीव्ह घातल्या तर पत्ते एकमेकांना कमी चिकटतात आणि थुंकीची गरजच पडत नाही.

लिहून पुसायच्या पाट्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. खेळाडू मार्करचे आकडे बोटाने पुसतात, ती काळी भुकटी बोटावर येते आणि तिथून पत्त्यांवर जाते. प्रत्येकाला १० × १० सेमीचा फडक्याचा तुकडा द्या. फेरी संपताच पाटी पुसा, कारण ड्राय-इरेज (कोरड्या फडक्याने पुसता येणारी) शाई दिवसेंदिवस राहिली तर अस्पष्ट छाप मागे उरते. अशी छाप पडलीच तर तिच्यावर ताज्या मार्करने पुन्हा गिरवा आणि लगेच पुसा: नव्या शाईतला द्रावक जुनी शाई सोडवतो. वेट-इरेज मार्कर मात्र ओल्या फडक्यानेच निघतो, म्हणून तो फक्त लॅमिनेट केलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या पाटीवर चालतो.

काही सांडले तर

१. गठ्ठे लगेच सुटे करा, पत्ते एकेक वेगळे पसरा. ओले पत्ते एकावर एक वाळले की लेप चिकटतो आणि ओढताना छपाई सोलून येते.

२. कागदी नॅपकिन दाबून टिपा, घासू नका. घासल्याने ओल तंतूंत आत जाते.

३. भिजलेली स्लीव्ह काढून टाका, आतला पत्ता कोरडा असला तरीही. तिच्या तोंडाशी ओल साचून राहते.

४. पत्ते आणि पुठ्ठ्याचे तुकडे दोन कोऱ्या, न छापलेल्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तके ठेवा. तासाभराने कागद बदला, मग २४ तास तसेच राहू द्या. हेअर ड्रायर वापरू नका, एक बाजू आधी वाळते आणि पत्ता वाकतो.

गोड पेय सांडले असेल तर प्लॅस्टिकचे तुकडे लगेच धुवा. साखर वाळली की चिकटपणा धूळ धरत राहतो.

खेळ संपल्यावर

प्लॅस्टिकच्या सोंगट्या लिटरभर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ दातांच्या ब्रशने धुवा. पाणी हाताला सोसेल त्याहून गरम नको, पीव्हीसीच्या प्रतिकृतींचे भाले-तलवारी वाकतात. ॲक्रिलिकच्या फाशांनाही हेच पाणी द्या. अल्कोहोलने त्यांच्यात बारीक तडे पडतात, आकड्यांचा रंगही उतरतो. रंगवलेल्या प्रतिकृतींनाही अल्कोहोल लावू नका. लॅमिनेटच्या पाट्यांसाठी मात्र ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम, तेही फडक्यावर घेऊन. ९० टक्क्यांच्या वरचे घेऊ नये, ते फार लवकर उडते आणि जंतू मारण्यासाठी लागणारे पाणीही त्यात कमी असते. लाकडी सोंगट्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, भिजत घालू नका. पट आणि पुठ्ठ्याची टोकन कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. हट्टी मळ असेल तर पांढरा खोडरबर आधी कोपऱ्यात वापरून पाहा. मेलामाइनचा स्पंज टाळा, तो बारीक सँडपेपरच असतो आणि चमक घालवतो.

धुतलेले तुकडे टॉवेलवर पसरून रात्रभर वाळवा, तोवर डबा उघडाच असू द्या. पिशव्यांमध्ये भरण्यापूर्वी सोंगट्यांच्या पोकळ तळांत पाणी अडकले नाही ना, हे एकेक उलटून बघा.